ट्रान्सफर केस आणि आमचे अण्णा

किस्से कुणी गोळा करत नाही, ते चिकटतात. ट्रान्सफर केसच्या खालच्या प्लगला आतून एक छोटं लोहचुंबक असतं. तेल बदलायला तो प्लग काढला की चुंबकावर काळा बारीक चुरा बसलेला दिसतो. गाडी जिथे जिथे अडली, घासली, ओढली गेली, त्या सगळ्याची पूड. आमच्या गॅरेजमधल्या माणसांचंही तसंच आहे. मी नोकरीला लागले तेव्हा वाटलं होतं, इथे काय घडणार? फोन घ्यायचे, चाव्या सांभाळायच्या, बस. आता रोज घरी जाताना दोन-चार किस्से अंगाला लागलेलेच असतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फोर बाय फोर गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, ती ट्रान्सफर केस. इंजिनाची ताकद दोन चाकांना जाणार की चारही, ते तिथे ठरतं. चिखल आला, चढ आला की ड्रायव्हर गिअरच्या शेजारची दुसरी छोटी दांडी ओढतो. त्याला आमच्याकडे ‘फोर लावणं’ म्हणतात. या पेटीचं तेल वेगळं असतं आणि ते बदलावं लागतं. निम्म्या गाडीवाल्यांना हे माहीतच नसतं. आमचं गॅरेज त्यांच्यावरच चालतं.

गॅरेज कामशेतच्या पुढे, लोणावळ्याकडे जाताना जुन्या हायवेला. माणसं तीन. मालक आणि मुख्य मेकॅनिक विलासभाऊ. दुसरा मेकॅनिक संजू, परंदवडीचा, आधी कंपनीत होता. आणि मी, प्राची, बी.कॉम. बँकेच्या परीक्षा देतेय तोवर टाइमपास, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.

खरं कारण आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची जीप.

अण्णांनी आयुष्यभर नाणे मावळातून कामशेतला दुधाचे कॅन आणले, त्याच एका हिरव्या जीपमधून. मग काचबिंदू झाला. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. मी कॉलेजला गेले होते त्या दिवशी अण्णा एकटेच जाऊन जीप विकून आले. संध्याकाळी एसटीतून उतरले तेव्हा काखेत ड्रायव्हरच्या सीटची गादी होती. घेणारा म्हणाला म्हणे, मी नवीन सीटा टाकणार आहे, ही नेली तरी चालेल. ती गादी आमच्या उंबऱ्याजवळ असते. अण्णा तिच्यावरच बसतात.

मावळात फोर बाय फोर असेल तर ती कधी ना कधी विलासभाऊंच्या खड्ड्यावर, म्हणजे गाडीखाली उतरून काम करायच्या जागी, येणारच, हे सगळेच सांगतात. मी जीपचा नंबर मनात धरून टेबलावर बसले. अण्णांना हे मी कधी बोलले नाही. तेही जीपचं नाव काढत नाहीत. फक्त मी घरी पोचले की चपला काढायच्या आत विचारतात, “आज कुठल्या आल्या?”

*

पहिला किस्सा माझाच सांगून टाकते, नाहीतर संजू सांगेल.

मी दचकते. लहानपणापासून. कुकरच्या शिट्टीला दचकते, फोनला दचकते. गॅरेजमध्ये हवेचा कॉम्प्रेसर आहे. त्याची टाकी भरली की तो एकदम फस्स करून हवा सोडतो. पहिल्या आठवड्यात माझ्या हातून तीन वेळा फोन पडला. विलासभाऊंना दया आली. त्यांनी संजूला सांगितलं, “कॉम्प्रेसर लावायच्या आदी तिला सांगत जा.”

तेव्हापासून संजू खड्ड्यातून बेंबीच्या देठापासून ओरडतो, “प्राचीताई, कॉम्प्रेसर!”

आता मी कॉम्प्रेसरला दचकत नाही. संजूला दचकते.

*

आमच्याकडे एक नियम आहे: वरचा आधी.

ट्रान्सफर केसला दोन प्लग. खालून जुनं तेल सोडायचं, वरून नवं भरायचं. साहजिकच कुणीही आधी खालचा उघडेल. विलासभाऊ उघडू देत नाहीत. आधी वरचा सैल करून दाखवायचा, मगच खालच्याला पाना लावायचा. कारण विचारलं तर ते बोलत नाहीत, संजू बोलतो.

भाऊ तरुण होते तेव्हाची गोष्ट. एका लग्नाची जीप गॅरेजला आली. नवरदेवाला घेऊन वर डोंगरातल्या गावी जायचं होतं, आणि जाता जाता तेल बदलून घ्यावं असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. भाऊंनी खालचा प्लग काढला, तेल सगळं सोडलं. मग वरच्याला पाना लावला. तो हलेना. ठोकून बघितला, तापवून बघितला. शेवटी पाना घसरून प्लगचं डोकं गोल झालं. भरायची वाट बंद आणि आत थेंबभर तेल नाही. अशी गाडी घाटात घातली तर पेटी जळणार. नवरदेव मुंडावळ्या बांधून अर्धा डोंगर पायी चढला. पुढे बँड, मागे वऱ्हाड.

तो नवरदेव आता आजोबा झालाय. त्याची गाडी अजून आमच्याकडेच येते. तो खड्ड्याच्या काठावर उभा राहतो, खाली वाकतो आणि अगदी काळजीने विचारतो, “विलास, वरचा निघाला का रं?”

घरी हे सांगितलं तेव्हा अण्णा खूप हसले. हसू ओसरलं तसे म्हणाले, “तिचाबी वरचा असाच गोल झालता. मी त्याच्यावर मोठा नट डकवून घेतला वेल्डिंगनं. लय वंगाळ दिसायचा. पर अंधारातबी हाताला गावायचा.”

‘तिचा’ म्हणजे कुणाचा, हे मी विचारलं नाही. पहिल्यांदाच बोलले होते. मला भीती वाटली, विचारलं तर थांबतील.

*

नियम फक्त गाड्यांपुरता राहिलेला नाही.

मध्यंतरी संजूचं भाऊंशी वाजलं. संजूने पाना खाली ठेवला, हात पुसले आणि सांगितलं की आपण चाकणच्या कंपनीत चाललो, उद्यापासून येत नाही. कंपनीत कँटीन आहे, बस आहे, अंगाला तेल लागत नाही. बराच वेळ बोलला. मी टेबलामागे छातीत धडधडत बसले होते. भांडण दुसऱ्यांचं असलं तरी धडधड मलाच होते.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. गाडीखालून डोकंसुद्धा बाहेर काढलं नाही. एवढंच म्हणाले, “वरचा निघाला का?”

संजू दोन मिनिटं उभा राहिला. कंपनीवाल्यांनी अजून काही कळवलेलं नव्हतं. त्याने पाना उचलला आणि खड्ड्यात उतरला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसरची आरोळी नेहमीपेक्षा मोठी होती.

*

सुदुंबऱ्याचे एक आबा आहेत. त्यांच्या मुलाने नवी फोर बाय फोर घेतली, ती घेऊन तेच आले. सोबत जाडजूड गिअर ऑइलचा डबा, नव्वद नंबरचा. म्हणाले, जीपला आयुष्यभर हेच घातलं, हिलाबी हेच घाला.

भाऊंनी आतून लाल पातळ तेल आणून दाखवलं. नव्या गाडीला हेच लागतं.

आबांनी बोट बुडवून बघितलं. वास घेतला. “हे तर सरबत हाय. एवढ्या मोठ्या गाडीला सरबत पाजतोस व्हय?”

भाऊंनी समजावलं. जुन्या पेटीत गिअरवर गिअर फिरतो, त्याला घट्ट तेल लागतं. या पेटीत साखळी आहे. घट्ट घातलं तर ते साखळीबरोबर वर चढायला वेळ लावतं, तोवर वरचा भाग कोरडा घासतो. आणि काही गाड्यांचं तर दोन्हीहून वेगळं असतं, म्हणून कंपनीच्या पुस्तकात बघून घालायचं, अंदाजाने नाही. मी पुस्तकाचं पान उघडून आबांसमोर धरलं. आबांनी पुस्तक बघितलं, मग गाडी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. शेवटी ‘घाला सरबत’ म्हणाले.

जाताना मात्र स्वतःचा डबा आमच्याकडेच ठेवून गेले. मी विचारलं, आबा, हा कशाला?

“ऱ्हाऊ दे. कंटाळली सरबताला तर.”

*

आता चहाचा.

सुट्टीच्या दिवशी भुशी धरणाकडे गर्दी होते, आणि काही लोकांना पाणी दिसलं की त्यात गाडी घालावीशी वाटते. ट्रान्सफर केसला वरून श्वास घ्यायची एक नळी असते. तापलेली पेटी एकदम गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते, आणि नळी निसटलेली, नाहीतर सील खराब असेल, तर तिथून पाणी आत ओढलं जातं. तेल आणि पाणी एकत्र घुसळलं जाऊन असा रंग येतो की बघत राहावं. दुधाचा चहा, थोडा जास्त उकळलेला.

अशीच एक गाडी आली. मालकाला दाखवायला म्हणून मी तेलाचा नमुना काचेच्या ग्लासात घेऊन टेबलावर ठेवला. मालकाबरोबर त्याचे मामा होते, भिजलेले, गारठलेले. त्यांनी ग्लास उचलला. “अरे वा, आणलात पण?” असं म्हणून तोंडाजवळ नेला.

मी किंचाळले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी किंकाळी असेल. मामांच्या हातून ग्लास सुटून फुटला. रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला धावत आला. खड्ड्यातून संजूने डोकं वर काढून विचारलं, “काय झालं? कॉम्प्रेसर तर बंद हाये.”

मामा टेबलापासून लांब सरकले. मग खरा चहा मागवला, तर तोही त्यांच्याने प्यायला गेला नाही.

त्या दिवशी विलासभाऊ म्हणाले की माझ्या दचकण्याचा पगार द्यायला हवा. आता नमुने बाटलीत ठेवतो, वर बूच लावून.

*

एक जुनी गाडी आली होती. मालकाची तक्रार नव्हतीच, उलट कौतुक होतं. म्हणाला, माझी ट्रान्सफर केस तेल खातच नाही, उलट दर वेळी जास्तच निघतं! वरचा प्लग सैल केला तर खरंच, तेल आपणहून बाहेर सांडायला लागलं. नीट भरलेल्या पेटीत ते भोकाच्या काठाशी थांबतं. इथे धार.

संजूने हात जोडले. म्हणाला, देवस्थान आहे, नारळ फोडा.

भाऊंनी शेजारच्या गिअरबॉक्सचा प्लग उघडून बोट घातलं. बोट कोरडं. दोन पेट्यांमधलं सील गेलं होतं आणि गिअरबॉक्सचं तेल हळूहळू ट्रान्सफरमध्ये येत होतं.

“ही शेजारच्या घरात जेवून आलीया,” भाऊ म्हणाले, “आन शेजारी उपाशी.”

हा किस्सा घरी सांगितला आणि अण्णा गादीवरून पुढे सरकले. त्या संध्याकाळी ते जितकं बोलले तितकं मी त्यांना गाडी विकल्यापासून बोलताना ऐकलं नव्हतं. तीही असंच करायची. दर पावसाळ्याच्या आधी सील बघावं लागायचं. आणि तिची खोड म्हणजे फोर सरळ लागायची नाही. अनोळखी माणसाने दांडी ओढली तर दगडासारखी. “आदी हातभर मागं घ्यायची. मग दांडीच्या बुडाला डावीकडनं तळहातानं एक थाप. म्हशीला सरक म्हनतो ना, तशी. मंग खट करून लागायची.” बोलता बोलता त्यांनी उंबऱ्याला थाप मारली.

मग विचारलं, “आता कोन मारत असंल?”

मी म्हटलं, कुणीतरी शिकलं असेल. आई आतून म्हणाली, जेवायला चला.

*

आणि मग ती आली.

दुपारची वेळ होती. बाहेर एक जीप थांबली, भडक केशरी रंगाची, टपावर दिव्यांची रांग, बॉनेटवर गरुड. मी चावी घ्यायला बाहेर गेले आणि नंबर प्लेट बघितली. चावी हातात आली तशी खाली पडली. या वेळी काही वाजलंसुद्धा नव्हतं.

जीप आणणारा भुशीचा होता, पंचविशीतला असेल. धरणाकडच्या रस्त्याला त्याचं मक्याचं आणि मॅगीचं दुकान आहे. म्हणाला, मधल्या एजंटाकडून घेतली, फोर लागतच नाही, फसवलं मला. आता ती ट्रान्सफर केस काढूनच टाका. चालवायची नाहीच, दुकानासमोर उभी करायची. लोक फोटो काढतील.

भाऊ खड्ड्यात उतरले होते. मी काठावर बसले आणि खाली वाकून हळूच सांगितलं, “भाऊ, ही आमची.”

भाऊंनी बॅटरीचा उजेड पेटीवर मारला. वरच्या प्लगवर एक मोठा वेडावाकडा नट डकवलेला होता. ते वर आले, त्या मुलाला म्हणाले, “चा घे. आदी तेल बदलून बघू, येळ लागंल.” आणि स्वतःच्या बाइकची चावी संजूकडे फेकली.

संजूला यायला उशीर झाला. नंतर सांगत होता, अण्णांनी निरोप ऐकला आणि आधी शर्ट बदलला. मग केस विंचरले. मग दुसरा शर्ट घातला.

अण्णा बाइकवरून उतरले. त्यांना आता समोरचं धूसर दिसतं, कडेचं तर दिसतच नाही. रंग मात्र कळतो. केशरी रंग बघून ते जरा थबकले. मग जीपला हात लावला आणि तो न उचलता पूर्ण फेरी मारली: मागचं फळकट, बाजूचा पत्रा, बॉनेट. गरुडापाशी हात थांबला, त्याला वळसा घालून पुढे गेला. मग म्हणाले, खाली बघायचंय. भाऊंनी दंड धरून त्यांना खड्ड्यात उतरवलं.

मी काठावरून बघत होते. अण्णांनी हात वर केला. चाचपडले नाहीत, हात सरळ त्या नटावर गेला. अंगठा त्याच्यावरून फिरला, परत फिरला, आणि मग तिथेच राहिला.

वर आल्यावर मी विचारलं, “अण्णा, आपलीच ना?”

ते रुमालाने एकेक बोट पुसत राहिले.

“न्हाई,” म्हणाले. “आपली हिरवी व्हती.”

 संजू उगाच पाने आवरायला लागला. त्या मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. तो अण्णांनाच सांगायला लागला, “बघा ना काका, आधीच्या मालकानं कशी ठेवली होती कुणास ठाऊक. फोरच लागत नाही. भंगार गळ्यात मारलं.”

मला वाटलं आता अण्णा बोलतील. ते भाऊंकडे वळले. “तेल कुटलं भरलं?”

“नव्वदच. काठापातूर.”

“सील?”

“बदाललं.”

“बरं,” अण्णा म्हणाले. मग त्या मुलाला म्हणाले, “बस आत. चालू कर. आन हातभर मागं घे, सावकाश.”

मुलगा बसला. जीप मागे सरकली तसे अण्णा तिच्या बाजूने दोन पावलं चालले. जीप थांबली. त्यांनी उघड्या बाजूने हात आत घातला, तोंड दुसरीकडेच, रस्त्याकडे. तळहाताने दांडीच्या बुडाला एक थाप मारली आणि दांडी ओढली.

खट.

गॅरेजच्या मागे टँकर धुतात तिथे कायम चिखल असतो. मुलाने जीप त्यात घातली. चारही चाकांनी एकदम चिखल उडवला आणि ती पलीकडच्या बांधावर अशी चढली की संजूने शिट्टी मारली. मुलगा परत आला तेव्हा त्याचा चेहराच बदललेला होता. म्हणाला, पेटी काढू नका, राहू द्या, आता हिला मी चालवणार. अण्णांचे हात धरले. तुम्हाला कसं कळलं, विचारलं.

“जुन्या गाड्या समद्या अशाच असत्यात,” अण्णा म्हणाले. मग त्याला ती थाप शिकवली. एकदा, दोनदा, तीनदा. मुलाची थाप जोरात पडत होती. अण्णा म्हणाले, “मारू नगंस. सांग तिला.” चौथ्या वेळी लागली.

मग अण्णांनी संजूला घरी सोडायला सांगितलं. जीप लोणावळ्याकडे वळून निघाली तेव्हा ते बाइकवर मागे बसलेले होते, कामशेतकडे तोंड करून. त्यांनी मान वळवली नाही. आवाज जाईपर्यंत संजूला बाइक मात्र सुरू करू दिली नाही.

 संध्याकाळी घरी जाताना मी काय काय बोलायचं ते ठरवत होते. नंबर मला माहीत आहे, हे सांगायचं. नट मीही बघितला, हे सांगायचं. गल्लीच्या तोंडाशी आले तोवर त्यातलं काहीच उरलं नाही.

अण्णा उंबऱ्याजवळ गादीवर बसले होते. दुपारचाच शर्ट अंगात होता. माझी चाहूल लागली तसे बाजूला सरकले, मला बसायला जागा केली.

“आलीस? आज कुठल्या आल्या?”